हरिश्चंद्रगड : तोलारखिंडीची मोडकी वाट

सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींमध्ये हरिश्चंद्रगडाला पंढरीचा मान आहे. मात्र पंढरीच्या वाटेवर दर वर्षी लाखो पावले पडतात आणि त्या वाटेची काळजी वाहणारेही पुष्कळ असतात. हरिश्चंद्रगडाच्या वाटांचे तसे नाही. अकोले तालुक्यातील पाचनईपर्यंत डांबरी रस्ता पोहोचल्यापासून बहुतेकांचा ओढा त्या सोप्या चढणीकडे आहे. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे गडावर जाणारी जुनी वाट आजही वापरात आहे. तथापि ती जागोजागी खचली आहे, फुटली आहे आणि काही ठिकाणी वाट कोणती व ओघळ कोणता, हे कळेनासे झाले आहे. या वाटेने जाऊ नये, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. डोंगर चढण्याची ताकद आणि मोडकी वाट वाचण्याची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वाटेला दुसऱ्या गोष्टीची गरज अधिक आहे, एवढेच सांगायचे आहे.

गडाचे स्थान

ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे माळशेज घाटाच्या उत्तरेस हरिश्चंद्रगडाचा अजस्र डोंगर उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर आहे. गडाचा विस्तार एवढा मोठा आहे की, त्याला किल्ला म्हणण्यापेक्षा डोंगरी मुलूख म्हणणे अधिक योग्य ठरेल. तारामती हे सर्वांत उंच शिखर, त्याच्या जोडीला रोहिदास शिखर, एका अंगाला बालेकिल्ल्याचा सुळका आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारा कोकणकडा, असा हा सारा पसारा आहे. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे.

गडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. पाचनईची वाट सर्वांत सोपी असून दोन ते तीन तासांत मंदिरापाशी पोहोचवते. कोकणातून, मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून, कोकणकड्याच्या पोटातील घळीतून चढणारी ‘नळीची वाट’ सर्वांत अवघड आहे. ती दोरासह आणि जाणकाराच्या सोबतीनेच करावी. त्याच बाजूने साधले घाटाचीही वाट आहे. तोलारखिंडीची वाट या दोन टोकांच्या मधली. चांगल्या चालीने तिला चार ते पाच तास लागतात. खिरेश्वरपासून माथ्यापर्यंतची चढण सुमारे ७०० मीटरची आहे.

वाट का मोडते?

सह्याद्रीतील वाटा कशा बिघडतात, हे समजून घेतले तर चालणे निम्मे सोपे होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा हा प्रदेश तयार झाला. त्यातील काही थर घट्ट कातळाचे आहेत, तर काही ठिसूळ, मुरमाड आहेत. कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार बनतो आणि कड्याखाली झाडीचा सपाट पट्टा तयार होतो. या पट्ट्याला गिर्यारोहक ‘पदर’ म्हणतात. त्यामुळे सह्याद्रीतील जवळजवळ प्रत्येक वाट चढ, पदर, कातळटप्पा आणि पुन्हा चढ या क्रमानेच वर जाते. कातळावर पाय सहसा घसरत नाही, मात्र पकड चुकली तर पडणे मोठे असते. मुरमाड उतारावर पडणे लहान असते, पण पाय ठरत नाही. सुट्या खड्यांच्या या उताराला ‘घसारा’ म्हणतात आणि तोलारखिंडीच्या वाटेवर या दोहोंशी गाठ पडते.

वाट बिघडवण्याचे मुख्य काम करते ते पाणी. माणसांच्या पावलांनी दबलेली, गवत नसलेली वाट ही पावसाच्या पाण्याला आयती मिळालेली पन्हळच असते. घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस या पन्हळीतून धावतो, माती वाहून नेतो आणि मागे गुडघाभर खोल ओघळ सोडतो. पूर्वीच्या लोकांना हे ठाऊक होते. म्हणूनच जुन्या घाटवाटांवर ठराविक अंतराने आडवे दगड रोवलेले दिसतात. त्यांना अडलेले पाणी वाटेवरून बाजूच्या उतारावर निघून जाते. हा दगड एका पावसाळ्यात हलला आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी पुन्हा बसवला नाही, तर त्याच्या खालचा सारा टप्पा हळूहळू पाण्याच्या ताब्यात जातो. मग चालणारा ओघळ टाळून त्याच्या कडेने चालू लागतो, तेथे दुसरी वाट पडते आणि कालांतराने तिचाही ओघळ होतो. एका वाटेच्या जागी तीन-चार समांतर ओघळ दिसले, तर कोठेतरी वरच्या बाजूचा एक दगड हलला होता, असे खुशाल समजावे.

खिरेश्वर ते तोलारखिंड

कल्याण-आळेफाटा मार्गावर माळशेज घाट ओलांडला की खुबी फाटा लागतो. येथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून सुमारे पाच किलोमीटरवर खिरेश्वर आहे. गावाबाहेरचे नागेश्वराचे प्राचीन मंदिर छतावरील कोरीव शिल्पांसाठी अवश्य पाहावे. खिरेश्वरात काही घरांमध्ये पिठलं-भाकरीची सोय होते. वाटाड्याही येथेच ठरवावा.

गाव सोडल्यावर वाट शेतांच्या बांधावरून झाडीत शिरते आणि तास-दीड तासात तोलारखिंडीत पोहोचते. हा टप्पा दमवणारा असला तरी फसवा नाही. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे. समोर उतरणारी वाट अकोले तालुक्यातील कोथळे गावाकडे जाते, तर गडाची वाट डावीकडे वळून थेट कातळाला भिडते. खिंड ही पूर्वापार दोन मुलुखांना जोडणारी जागा आहे. येथे बसून पाणी प्यावे, घड्याळ पाहावे आणि सोबत्यांचे चेहरे पाहावेत. कोणी अजूनच थकलेला असेल, तर परतण्याचा निर्णय घेण्याची ही शेवटची सोयीची जागा आहे.

कातळटप्पा

खिंडीच्या वर कातळाचा उभा उतार आहे. त्यात पावठ्या खोदलेल्या असून आधारासाठी लोखंडी कठडे बसवले आहेत. कोरड्या हवामानात, हात मोकळे ठेवून, एकामागून एक चढले तर हा टप्पा अवघड नाही. अडचण कठड्यांची आहे. ऊन, पाऊस आणि गंज यांनी लोखंड सैल होते. जो आधार दिसतो तो आधार असेलच, असे नाही. कठड्यावर भार टाकण्याआधी तो हाताने हलवून पाहावा. शरीराचा भार नेहमी पायांवर ठेवावा, कठडा केवळ तोल सावरण्यासाठी वापरावा. गिर्यारोहणातील जुना नियम येथे फार उपयोगी पडतो : दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा, बाकीचे तीन कातळाला टेकलेले असावेत.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. अशा वेळी हाच टप्पा जीवघेणा ठरू शकतो. वरून येणारा व खालून जाणारा यांनी एकमेकांना टप्प्याच्या मध्यावर ओलांडू नये. एकाने थांबावे. वरच्या माणसाच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. म्हणून सलग ओळीत एकमेकांच्या अगदी खाली उभे राहू नये आणि दगड सुटला तर मोठ्याने ‘दगड’ असे ओरडावे.

पठारावरचा चकवा

कातळटप्पा संपला की अवघड भाग संपला, अशी समजूत होते. तोलारखिंडीच्या वाटेवर ही समजूतच घात करते. खिंडीपासून मंदिरापर्यंत आणखी दोन ते तीन तासांची चाल असते आणि तीत एकामागून एक लहान टेकड्यांचे चढउतार येतात. एक टेकडी चढावी, तर समोर तशीच दुसरी उभी. मध्ये कारवीचे रान, मध्येच गवताळ माळ. सारा प्रदेश एकसारखा दिसतो. त्यात गुरांच्या वाटांचे जाळे पसरलेले असते. गुरांची वाट माणसांच्या वाटेपेक्षा अनेकदा अधिक ठसठशीत असते, पण ती गवताकडे किंवा पाण्याकडे जाते, मंदिराकडे नव्हे.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या एका सकाळी प्रस्तुत प्रतिनिधी याच पठारावर वाट चुकला. बालेकिल्ला डावीकडे ठेवून चालायचे, एवढे ठाऊक होते. पण धुके असे दाटले की बालेकिल्लाच दिसेना. पायाखालची वाट रुंद होती, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला. अर्ध्या तासाने ती कारवीत शिरली, अरुंद झाली आणि एका उतारावर गवतात नाहीशी झाली. पुढे पाऊलभर जमीन होती की नव्हती, हे धुक्यात कळत नव्हते. खाली कोठेतरी पाण्याचा आवाज येत होता. अशा वेळी माणसाला पुढे जाण्याची विलक्षण घाई होते. आलेला सगळा चढ वाया जाईल, याचीच भीती अधिक वाटते. आम्ही तिघे होतो. सुदैवाने आमच्यातील एकाने सरळ बसकण मारली आणि धुके हलेपर्यंत उठणार नाही, असे जाहीर केले. त्याच्या या हट्टानेच आम्ही वाचलो, असे आज वाटते. पाऊण तासाने धुके विरळ झाले, तेव्हा आमच्यासमोरचा उतार दहा-बारा पावलांवर तुटलेला दिसला.

माघारी येताना डोक्यावर सामानाचे गाठोडे घेऊन वर निघालेला एक गावकरी भेटला. त्याने आमची चूक एका वाक्यात उलगडली. गुरे वाटेत दगड रचत नाहीत, माणसे रचतात, असे तो म्हणाला. मग त्याच्या मागून चालताना आम्हाला ते दगड दिसू लागले. वळणावळणावर दोन-तीन दगडांची उतरंड, कोठे झाडाच्या खोडावर, कोठे कातळावर रंगाचा बाण. आम्ही सकाळी यातील एकही खूण पाहिली नव्हती, कारण आम्ही पायाखाली पाहत होतो.

यातून एक नियम निघतो. शेवटची खात्रीची खूण मागे टाकून दहा मिनिटे झाली आणि नवी खूण दिसली नाही, तर थांबावे. पुढे जाऊन वाट शोधू नये. मागच्या खुणेपर्यंत परत यावे. धुके असेल तर बसून राहावे. रस्ता चुकणे हा अपघात नव्हे. चुकल्यानंतर चालत राहणे हा अपघात होय.

माथ्यावर

टेकड्यांची रांग संपते आणि झाडीतून हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराचा कळस दिसतो. तारामती शिखराच्या पायथ्याशी, मंगळगंगेच्या उगमाजवळ उभे असलेले हे दगडी मंदिर गडाचा मध्यबिंदू आहे. जवळच पुष्करणी आहे. ओढ्याच्या बाजूला केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत कमरेएवढ्या थंड पाण्यात भले मोठे शिवलिंग असून त्याभोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच शाबूत आहे. चांगदेवांनी येथे तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचला, असे सांगितले जाते. तारामतीच्या पोटात लेण्यांची रांग आहे आणि त्यांतील एका लेण्यात पुरुषभर उंचीहून मोठी गणेशमूर्ती आहे.

मंदिरापासून अर्ध्या-पाऊण तासावर कोकणकडा. अर्धवर्तुळाकार, आतल्या बाजूला वाटीसारखा खोदल्यागत हा कडा हजार फुटांहून अधिक खोल कोसळतो. खालून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की, हलक्या वस्तू खाली न पडता परत वर येतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला या परिसरात धुक्यात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजेच ‘इंद्रवज्र’ दिसल्याची नोंद १८३५ मधील आहे. कडा पश्चिमाभिमुख आहे. इंद्रवज्र दिसण्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुके समोर दरीत असावे लागते. त्यामुळे ते पाहण्याची खरी वेळ सकाळची. कड्याच्या काठावर उभे राहून डोकावण्याचा मोह आवरावा. काठापासून दूर थांबावे आणि वारा जोराचा असेल तर जवळ जाऊच नये.

मंदिरापासून तारामती शिखराची चढण तासाभराची आहे. वाट लेण्यांच्या बाजूने झाडीतून वर जाते आणि शेवटी उघड्या माथ्यावर येते. हवा स्वच्छ असेल तर माळशेजच्या डोंगररांगा, पिंपळगाव जोग्याचा जलाशय आणि खाली पसरलेले कोकण एका दृष्टिक्षेपात येते. सकाळी जेथून निघालो ते खिरेश्वर येथून एखाद्या ठिपक्याएवढे दिसते आणि आपण काय चाललो, याचा अंदाज प्रथमच येतो.

देखभाल कोणाची?

किल्ल्याच्या बुरुजाला, मंदिराला किंवा लेण्याला वारसा मानण्याची सवय आपल्याला झाली आहे. वाटेला मात्र कोणी वारसा मानत नाही. जमीन एका खात्याची, गाव दुसऱ्या जिल्ह्यातले, येणारे पर्यटक तिसऱ्याच शहरातले. त्यामुळे हललेला दगड पुन्हा बसवणे हे नेमके कोणाचे काम, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. जोपर्यंत बाजारहाट, जत्रा आणि गुरे यांसाठी गावकरी या वाटांवर अवलंबून होते, तोपर्यंत दुरुस्ती आपोआप होत असे. रस्ते झाले आणि ही गरज उरली नाही. गावकऱ्यांना त्यासाठी दोष देता येणार नाही. आजारी माणसाला डोलीतून खाली आणण्यापेक्षा रस्ता केव्हाही चांगला.

दुसरीकडे, सिमेंटच्या पायऱ्या घालणे हाही उपाय नव्हे. सिमेंटखालून पाणी वाट काढते, पायरी पोकळ होते आणि एके दिवशी अख्खी निसटते. डोंगरवाटेला लागते ते स्थानिक दगडाचे कोरडे बांधकाम, पाणी बाजूला काढणारे आडवे दगड आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर वर्षातून दोनदा फिरणारी नजर. हे काम फार खर्चाचे नाही. पायथ्याच्या गावांतील तरुणांना त्याचा मोबदला मिळाला, तर वाटही राहील आणि वाटाड्याही राहील. गिर्यारोहण संस्थांनी अनेक गडांवर श्रमदानातून अशी कामे केली आहेत. तोलारखिंडीसारख्या वाटांना त्याची नितांत गरज आहे.

प्रत्येक भटक्यालाही यात थोडे काही करता येते. वळणे तोडून सरळ उतरू नये. वळण ज्याने घातले, त्याने पाण्याचा वेग मोडण्यासाठी ते घातले होते. खुणेची उतरंड पडलेली दिसली तर खात्री करून ती रचावी. मात्र केवळ हौसेखातर नवी रचू नये. चुकीच्या जागी रचलेली उतरंड मागून येणाऱ्याला दरीकडे नेऊ शकते.

जाणाऱ्यांसाठी

काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. जून ते सप्टेंबर या काळात तोलारखिंडीची वाट जाणकाराशिवाय करू नये. उन्हाळ्यात उन्हाचा त्रास आणि पाण्याची टंचाई दोन्ही असतात.

कसे जावे : मुंबईहून कल्याणमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या एस.टी.ने, तर पुण्याहून आळेफाटामार्गे खुबी फाट्यावर उतरावे. तेथून खिरेश्वरपर्यंत पायी किंवा मिळेल त्या वाहनाने जावे.

वेळ : खिरेश्वर सकाळी सहापर्यंत सोडावे. दुपारी एकपर्यंत मंदिर गाठता आले नाही, तर तारामतीचा बेत रद्द करावा. उतरण्यासाठी पाचनईची वाट सोपी आहे. मात्र तेथून परतीच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवावी. अंधारात तोलारखिंडीचा कातळटप्पा उतरू नये.

सोबत काय न्यावे : माणशी किमान तीन लिटर पाणी, पकड घेणारे बूट, विजेरी व जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य, कोरडा खाऊ आणि थंडीसाठी एक गरम कपडा. चार-पाच जणांच्या गटाने एक दोर बाळगावा, पण तो वापरता येत असेल तरच.

मोबाइल : रेंजचा भरवसा धरू नये. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत, हे घरी व खिरेश्वरात सांगून निघावे.

मधमाश्या : कड्यांवर आग्यामोहोळे असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

मुक्काम : अभयारण्यातील मुक्काम, तंबू आणि शेकोटी यांविषयीचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. कचरा परत आणावा.

शेवटी एक सूचना. या वाटेवर निघताना शिखर गाठण्याचा निश्चय करण्याऐवजी किती वाजता मागे फिरायचे, याचा निश्चय करावा आणि तो सर्व सोबत्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगावा. धुक्यात, थकव्यात आणि घाईत माणसाची बुद्धी तिचे काम करीलच, असे नाही. खिंडीत शांतपणे ठरवलेली वेळ मात्र तेव्हाही बदललेली नसते.